निवृत्तीनंतर घरात गाड्या किती ठेवाव्यात? आधी चालक मोजा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कोथरूडला राहणारं जोडपं. साहेब ३१ मे रोजी निवृत्त झाले, बाई दोन वर्षांपूर्वीच बँकेतून निवृत्त झाल्या. दारात दोन गाड्या. २०१९ ची होंडा सिटी (पेट्रोल, हाताने गिअर टाकायची), ती साहेब चालवतात. २०१६ ची वॅगनआर, ती बाई चालवतात, पण आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) नाव मुलाचं आणि मुलगा जर्मनीत. मुलगा म्हणतो, "एक काढून टाका." बाई म्हणतात, "राहू दे, अडीअडचणीला लागते." साहेबांनी विचारलंय, कुणाचं ऐकावं?

मुलाचा हिशेब बरोबर आहे आणि बाईंची भीतीही खरी आहे. घोळ असा की दोघं गाड्या मोजताहेत, चालक कुणीच मोजत नाही. निवृत्तीनंतरच्या पंधरा-वीस वर्षांत घराला एक धड गाडी आणि ती चालवणारी दोन माणसं लागतात. बहुतेक घरांत होतं याच्या उलट. दोन गाड्या उभ्या असतात आणि चालवणारा हळूहळू एकच उरतो. ज्या दिवशी त्या एकाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्या दिवशी दोन्ही गाड्या असून नसल्यासारख्या. म्हणून "कुठली विकू" हा प्रश्न थोडा मागे ठेवा. त्याआधी दोन गोष्टी तपासायच्या आहेत: खोळंबा किती होतो, आणि कोण कुठली गाडी चालवू शकतं.

आठ आठवड्यांची वही

निवृत्तीनंतरचे पहिले तीन महिने हिशेबात धरू नका. त्या काळात पेन्शनच्या खेपा असतात, नातेवाइकांच्या राहिलेल्या भेटी, एखादी मोठी सहल. नेहमीचं आयुष्य त्यात दिसत नाही. तुमच्या बाबतीत सप्टेंबरपासून सुरुवात करा आणि गणपतीचे दिवस त्यातून वगळा.

किल्ल्या जिथे अडकवता तिथेच एक छोटी वही टांगा, पेन दोरीने बांधून ठेवा. पेन शोधावं लागलं की तिसऱ्या दिवशी नोंद बंद पडते. प्रत्येक फेरीला एकच ओळ लिहायची. वहीचं एखादं पान असं दिसेल:

मंगळवार, ९:४०, वॅगनआर, भाजी आणि बँक, ५ किमी, बाई एकट्या, सव्वा तास.
मंगळवार, ५:३०, सिटी, नाट्यगृह, ७ किमी, दोघं, तीन तास.
बुधवार, गाडी बाहेर नाही.
गुरुवार, ९:४०, वॅगनआर, भाजी आणि बँक, ५ किमी, बाई एकट्या, सव्वा तास.
गुरुवार, १०:००, सिटी, दातांचा डॉक्टर, ४ किमी, साहेब. ख.

शेवटचा "ख" म्हणजे खोळंबा. तो कधी लिहायचा? एक गाडी बाहेर असताना दुसऱ्यालाही त्याच वेळी गाडी हवी होती तेव्हा. घरात आज दोन गाड्या असल्याने खोळंबा प्रत्यक्षात होणार नाही, म्हणून दोन्ही गाड्या एकाच वेळी बाहेर गेल्या की "ख" लिहायचा. दोघं एकाच गाडीतून गेले तर नाही. किलोमीटर, पेट्रोल, माणसं यांपैकी कशावरूनही दुसऱ्या गाडीची गरज ठरत नाही. ती ठरते फक्त या "ख"वरून. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्या घरालाही एक गाडी पुरते, जर दोघं एकत्र फिरत असतील.

आठवड्याच्या शेवटी प्रत्येक "ख" पुन्हा बघा आणि त्यापुढे एक शब्द लिहा: "हलतं" किंवा "अडतं". दातांच्या डॉक्टरची वेळ सकाळची दुपार करून मिळत असेल तर ते हलतं. दर सोम-बुध-शुक्र ठरलेलं डायलिसिस, नातवाला साडेबाराला शाळेतून आणणं, हे अडतं. नोकरीच्या काळात जवळजवळ सगळंच अडतं असतं, कारण दोघांचं ऑफिस एकाच वेळी सुरू होतं. निवृत्तीनंतर बहुतेक "ख" हलते निघतात. पण सवय जुनीच असते, म्हणून गाड्याही जुन्या हिशेबाच्याच राहतात.

आठ आठवड्यांत अडते "ख" आठाच्या आत असतील, म्हणजे आठवड्याला एखादा, तर दुसऱ्या गाडीचं कारण उरत नाही. आठवड्याला दोन-तीन असतील तर एक गाडी आणि सोबत रिक्षा, मेट्रो किंवा ठरलेला चालक, एवढ्यात निभतं. आठवड्याला चार किंवा जास्त अडते खोळंबे, तेही लांबचे, भल्या सकाळचे किंवा रुग्णाला घेऊन जाण्याचे, तर दुसरी गाडी खुशाल ठेवा. तिथे पैशाकडे बघून मन मारण्यात अर्थ नाही.

उभी गाडी किती खाते

"उभीच तर आहे, तिला काय लागतं" हे वाक्य फार ऐकू येतं. तुमच्या वॅगनआरचा हिशेब मांडू. आजच्या बाजारात ती अडीच लाखाला जाईल असं धरू.

विमा: १००० सीसीपर्यंतच्या गाडीचा तृतीय पक्षाचा हप्ता जून २०२२ च्या दराने २,०९४ रुपये, जीएसटी धरून २,४७१. स्वतःच्या नुकसानीचा भाग जोडला की साडेपाच हजारांच्या आसपास. वर्षाची सर्व्हिस सात हजार. कमी चाललेल्या गाडीलाही ती लागतेच, कारण इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचं असतं. बॅटरी साडेचार हजारांची आणि उभ्या गाडीत ती तीन वर्षंच टिकते असं धरा, म्हणजे वर्षाला दीड हजार. टायर न झिजताही सहा-सात वर्षांत कडक होऊन तडकतात, त्याचे वर्षाला तीन हजार. सोसायटीचं दुसऱ्या गाडीचं पार्किंग महिना पाचशे, धुणाऱ्याचे महिना पाचशे, असे बारा हजार. पीयूसी आणि किरकोळ हजारभर. बेरीज तीस हजार.

यापुढचे दोन आकडे लोक धरतच नाहीत. एक, घसारा: दरवर्षी साधारण दहा टक्के, म्हणजे पंचवीस हजार. दुसरा, अडकलेल्या पैशाचं व्याज. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के मिळतात, अडीच लाखांवर वर्षाला २०,५००, दर तिमाहीला ५,१२५ रुपये खात्यात. कर वजा जाता थोडं कमी. एकूण झाले ७५,५००. महिना सव्वासहा हजारांच्या वर, आणि यात पेट्रोलचा थेंबही धरलेला नाही.

याची तुलना रिक्षाशी करताना लोक एक चूक करतात, ती टाळा. सहा किलोमीटरच्या फेरीला मीटरने शंभर आणि अॅपवरून बोलावली तर एकशेतीसपर्यंत पडतात. पण स्वतःच्या गाडीलाही त्या फेरीला शहरात ४५ रुपयांचं पेट्रोल लागलंच असतं. म्हणजे अॅपवरच्या रिक्षाचा जादा खर्च ८५ रुपये. ७५,५०० ला ८५ ने भागलं की जवळजवळ नऊशे फेऱ्या, दिवसाला सरासरी अडीच. वहीतले "ख" मोजा आणि या आकड्याशेजारी ठेवा. बहुतेक घरांत वर्षाचे सगळे खोळंबे मिळून शंभरही भरत नाहीत.

तुमच्या भागात आणखी सोय आहे. वनाझ ते रामवाडी मेट्रो कोथरूडमधूनच निघते, सिव्हिल कोर्टला बदलून स्वारगेट किंवा पिंपरी-चिंचवडला जाता येतं, स्थानकांवर लिफ्ट आहेत. डेक्कन, महापालिका, पुणे स्टेशन या खेपांना गाडी नेणं म्हणजे पार्किंग शोधत फिरणं. बाहेरगावी एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. साहेबांना ते ६५ नंतर मिळेल आणि ७५ नंतर प्रवास मोफत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका.

बॉनेट उघडून बघा

तरीही दोन्ही ठेवायच्या असं ठरलं, किंवा निर्णय होईपर्यंत एक उभी राहणार असेल, तर उभ्या गाडीचं काय होतं ते नीट समजून घ्या.

गाडी बंद असतानाही तिचं घड्याळ, लॉक, इंजिनचा संगणक थोडी वीज घेत असतात, साधारण ३० ते ५० मिलिअँपिअर. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे पंधरा दिवसांत ती निम्मी होते. निम्म्या चार्जवर पडून राहिलेल्या बॅटरीच्या आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर चढतो आणि तो पुन्हा चार्ज करूनही पूर्ण जात नाही. मल्टिमीटर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो, तो घरात असू द्या. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी १२.६ व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर लगेच चार्ज करा. टोकांवर पांढरट-हिरवट पूड जमली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा आणि वरून व्हॅसलीन लावा. घासण्याआधी दोन्ही वायरी सोडवायच्या, आधी वजा मग अधिक, आणि लावताना उलट क्रमाने.

रोज सकाळी पाच मिनिटं गाडी "गरम" करण्याची सवय अनेक घरांत आहे. ती सोडाच. पाच मिनिटांत बॅटरीत भर अशी पडत नाही. शिवाय इंजिन पुरतं तापत नसल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून गंजतो. त्याऐवजी दहा-बारा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा, वेग पन्नास-साठ, एसी दहा मिनिटं चालू. चांदणी चौकातून बाह्यवळणाला लागून परत आलात की काम झालं.

उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका. पावसाळ्यात मागचे ब्रेकशू ड्रमला चिकटतात आणि पहिल्या झटक्याला अस्तर उखडतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे वीट किंवा लाकडी ठोकळा लावा. टायरमध्ये हवा तीन-चार पीएसआय जास्त भरा. टायरच्या कडेला डॉट अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, ३२१८ म्हणजे २०१८ सालातला ३२ वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, सात वर्षांच्या टायरवर एक्स्प्रेसवेला जाऊ नका.

उंदरांबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण उभ्या गाडीचं सगळ्यात महागडं दुखणं तेच आहे. बॉनेट उघडल्यावर इंजिनवर नारळाची किशी, कापसाचे पुंजके, अर्धवट खाल्लेली पोळी किंवा काळ्या लेंड्या दिसल्या तर बिऱ्हाड थाटलेलं आहे असं समजा. ते वायरीचं वेष्टण कुरतडतात आणि गाडीच्या वायरिंगची दुरुस्ती बघता बघता काही हजारांत जाते. डांबरगोळ्या आणि तंबाखूच्या पुड्यांचा वास आठवडाभरात उडतो, त्यावर विसंबू नका. गाडी हलती ठेवा, कचऱ्याच्या डब्यापासून आणि भटक्या मांजरांना खाऊ घालतात त्या कोपऱ्यापासून लांब लावा, केबिनमध्ये बिस्किटाचा चुरा राहू देऊ नका. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्चने बघणं हे कुठल्याही औषधापेक्षा जास्त कामाचं आहे.

तुमच्याकडे नाही, पण ज्यांच्याकडे बीएस-६ डिझेल आहे त्यांच्यासाठी: निवृत्तीनंतर गाडी दूध-भाजीच्या दोन-तीन किलोमीटरवर आली की धुराची जाळी काजळीने भरते. ती जळून साफ व्हायला वीस-तीस मिनिटं सलग साठच्या वेगाने चालवावं लागतं. ते होत नसेल तर दोन गाड्यांपैकी डिझेल आधी काढा, ती कितीही नवी असो. सीएनजी असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, उभ्या गाडीलाही.

कोणती ठेवायची

इथे सगळेजण "चांगली" गाडी ठेवतात, म्हणजे महागडी आणि नवी. तुमच्या घरात ती सिटी. पण बाई सिटी चालवत नाहीत. वॅगनआर विकली की त्या शेजारच्या सीटवर बसणार, वर्षभरात हात सुटणार, दोन वर्षांत "आता नको बाई" म्हणणार. साहेबांच्या डोळ्यावर किंवा गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली की महिनाभर सिटी उभी. मोतीबिंदूनंतर डॉक्टर सांगेपर्यंत चालवायचं नसतं आणि गुडघा बदलल्यावर तर काही आठवडे जातात. हे प्रसंग दहा वर्षांत एकदा तरी येणार, हे गृहीत धरूनच गाडी निवडायची.

म्हणून त्याच आठ आठवड्यांत बाईंनी आठवड्यातून तीन दिवस सिटी चालवायची, आणि शेजारी साहेबांनी बसायचं नाही. हे पथ्य महत्त्वाचं आहे, नवऱ्याच्या सूचना ऐकत कुणी नवी गाडी शिकत नाही. पहिले दोन आठवडे रविवारी सकाळी सात ते आठ, मोकळ्या रस्त्याला. मग नेहमीची भाजी-बँक. मग सोसायटीच्या पार्किंगमधून उलटी काढणं. सिटी जवळपास साडेचार मीटर लांब आहे, वॅगनआर ३.६ मीटर. मागे-पुढे वाढलेल्या त्या पाऊण-एक मीटरचीच भीती असते आणि रिव्हर्स कॅमेरा नसेल तर बसवून घेतल्याने ती निम्मी कमी होते.

दुसरी तपासणी शरीराची. टेप घ्या, गाडीच्या बाजूला उभे राहा आणि जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत उंची मोजा. मग खुर्चीवर बसून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत मोजा. सीट त्याहून पाच-दहा सेंटिमीटर वर असेल तर माणूस नुसता वळून बसतो आणि उतरतो. सीट त्याच्या खाली असेल तर उतरताना दाराला धरून उठावं लागतं, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे दिवसातून चारदा करावं लागतं. सेडान इथे कमी पडते, उंच छोटी गाडी जिंकते. डावा गुडघा दुखत असेल तर पुण्याच्या गर्दीतला क्लच हा रोजचा व्यायाम नाही, रोजची झीज आहे. तेव्हा आपोआप गिअर बदलणारी गाडी बघा. त्यात स्वस्त एएमटी प्रकार चढावर थोडा मागे सरकतो, म्हणून घेताना चढावर धरून ठेवणारी सोय आहे का ते विचारा आणि सोसायटीच्या तळघराच्या रॅम्पवर थांबवून पुन्हा चढवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

यातून तुमच्यासाठी तीन वाटा निघतात. बाईंना सिटी जमली आणि दोघांचे गुडघे ठीक आहेत, तर वॅगनआर विका. सिटीची नोंदणी २०३४ पर्यंत आहे. बाईंना सिटी नाहीच जमली तर सिटी विकून वॅगनआर ठेवा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण दोघांना चालवता येणारी तीच गाडी आहे. फक्त तुमच्या मॉडेलमध्ये दोन एअरबॅग आहेत का ते बघा. नसतील तर ती शहरापुरती, आणि लांबच्या प्रवासाला भाड्याची गाडी. तिसरी वाट, दोन्ही विकून एक छोटी, उंच, आपोआप गिअरची नवी गाडी घेणं. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाडीची किंमत उतरली, आणि जुन्या गाडीला मिळणारी किंमतही थोडी खाली आली. मला तिसरी वाट सगळ्यात पटते, पण एका अटीवर: नवी गाडी दोन्ही जुन्यांच्या विक्रीतूनच यावी. ग्रॅच्युइटीला हात लावायचा नाही, कर्ज काढायचं नाही.

गाडीचा खरा चालक ठरला की परवाने बघा. वयाच्या ५५ नंतर परवाना पाच-पाच वर्षांनीच वाढतो आणि नूतनीकरणाला डॉक्टरचं प्रमाणपत्र, नमुना १-अ, लागतं. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. बाईंचा परवाना अनेक घरांत असाच फाइलमध्ये संपून पडलेला असतो, तो आजच बाहेर काढून तारीख बघा.

रात्री-अपरात्रीच्या दवाखान्याची भीती हे दुसरी गाडी ठेवण्याचं सगळ्यात मोठं कारण सांगितलं जातं. छातीत दुखत असताना स्वतः गाडी चालवायची नसते, आणि घाबरलेल्या जोडीदारानेही नाही. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून मोफत आहे, तिच्यात प्राणवायू आणि डॉक्टर असतो. तो क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचा थेट दूरध्वनी फ्रिजवर चिकटवा. इमारतीतल्या दोन चालकांशी आधीच बोलून ठेवा.

दुसरं घर असेल तर प्रश्न वेगळा. कोकणातल्या घरी एक जुनी गाडी ठेवू असं अनेकांना वाटतं. खाऱ्या दमट हवेत चार महिने बंद राहिलेली गाडी गणपतीला सुरू होत नाही, झाली तर ब्रेक लागत नाहीत. तिथे रेल्वेने जाऊन स्थानकावरून ओळखीच्या रिक्षावाल्याला बोलावणं स्वस्त आणि सुखाचं.

मुलाच्या नावावरची गाडी

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक धागा हाच आहे. वॅगनआर मुलाच्या नावावर आहे म्हणजे विमाही त्याच्या नावावर. वैध परवाना असलेला कुणीही ती चालवू शकतो, गाडीच्या नुकसानीचा दावाही मंजूर होतो. पण पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघाताचं संरक्षण फक्त नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तरच लागू होतं. म्हणजे बाई रोज जी गाडी चालवतात तिच्यात त्यांना ते संरक्षण नाही. गाडी ठेवायची ठरली तर ती बाईंच्या नावावर करून घ्या, विक्रीचा विचार असो वा नसो.

नाव बदलायला किंवा विकायला मुलाची सही लागेल, नमुना २९ च्या दोन प्रती आणि नमुना ३०. ऑनलाइन अर्जात आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि परदेशात गेलेल्या मुलांनी ते भारतीय सिम बंद पडू दिलेलं असतं. सगळं तिथेच अडतं. आत्ताच त्याला विचारा. सिम बंद असेल तर तो येईल तेव्हा पहिल्या दिवशी आधार केंद्रात क्रमांक बदलून घ्या, मग आरटीओ. कर्ज काढून घेतलेली असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ (कर्जाचा बोजा उतरवण्याचा) आधी.

विकताना काय चुकतं, हे सांगतो. लोक पैसे घेतात, कोऱ्या अर्जांवर सह्या देतात, किल्ली देतात आणि विसरतात. दलाल गाडी तिसऱ्याला देतो, नाव बदलत नाही, आणि सहा महिन्यांनी अपघाताची नोटीस घरी येते. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलंय. नुकसानभरपाई तुमच्या मुलाच्या नावावर लागेल. म्हणून अर्जांवर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरल्याशिवाय सही नाही. गाडी ताब्यात देताना दोन प्रतींत पावती करा, त्यावर तारीख आणि वेळ मिनिटासकट, किलोमीटरचा आकडा, घेणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत. विक्रीची माहिती चौदा दिवसांत आरटीओला कळवणं कायद्याने मालकावर आहे. परिवहन अॅपवर नवीन नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला तपासत राहा, आणि शेवटचे दहा-पंधरा हजार रुपये नाव बदलल्यावर देण्याघेण्याचं ठरवता आलं तर उत्तम.

त्याआधी ई-चलन भरून टाका. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी. फास्टॅग बंद करा आणि काचेवरून खरवडून काढा, नाहीतर नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जातो. गाडीच्या स्क्रीनमधून फोनची यादी पुसा, सोसायटीचा स्टिकर काढा.

विमा कंपनीकडून नो-क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र मागायला विसरू नका. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि पाच वर्षं दावा न करता ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. पत्र तीन वर्षं चालतं. तुम्ही सिटी विकून नवी गाडी घेतलीत तर सिटीवरचा बोनस साहेबांच्या नावाने नव्या गाडीला लागेल, पण नवी गाडीही त्यांच्याच नावावर असली तरच. वॅगनआरवरचा बोनस मुलाचा, तो इथे वापरता येणार नाही. एकच गाडी उरली आणि ती वर्षाला पाच हजार किलोमीटरच्या आत चालणार असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी चालेल तेवढ्यावर हप्ता घेणारा पर्याय मागा, विमा नियामकाने २०२२ पासून त्याला परवानगी दिली आहे.

उरलेल्या गाडीच्या आरसीवर वारसाचं नाव नोंदवा, २०२१ पासून ती सोय आहे. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवणं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ (वारसाच्या नावावर गाडी करण्याचा अर्ज) भरणं, हे दुःखात असलेल्या माणसाला करावं लागतंच, निदान नाव तरी आधीच ठरलेलं असू दे.

तुमचं वेळापत्रक असं बसेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात वही आणि बाईंचा सिटीचा सराव. पितृपक्षात जुन्या गाडीला गिऱ्हाईक कमी, ते पंधरा दिवस भाव विचारत फिरू नका. दिवाळी झाली की दोन-तीन ठिकाणी किंमत काढून घ्या, लेखी. मुलगा नाताळच्या सुट्टीत येणार असेल तर सह्या, आधार आणि ताबा ३१ डिसेंबरच्या आत उरकून घ्या. १ जानेवारीला तीच गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते आणि घेणारा तेवढी किंमत पाडून मागतो.